उतारवयातील मधुमेह व रात्रीचे उठणे

मनुष्याच्या देहास जी दुखणी होतात त्यांपैकी काही तो चारचौघांत मोकळेपणी सांगतो. गुडघे दुखतात, दृष्टी मंदावली, दात पडले, हे सांगण्यास कोणास संकोच वाटत नाही. परंतु काही दुखणी अशी आहेत की ती तो पोटच्या मुलांपासूनही लपवितो. रात्री वारंवार लघवीस उठावे लागणे हे ह्या दुसऱ्या प्रकारचे दुखणे होय. आमच्या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत कित्येक वृद्ध स्त्रीपुरुष हा त्रास वर्षानुवर्षे सोशीत आले आहेत, आणि "आता वय झाले, असे चालायचेच" अशी मनाची समजूत घालून स्वस्थ बसतात. ह्या लेखात आम्ही त्याच दुखण्याविषयी, व त्याच्याशी पुष्कळदा जडलेल्या मधुमेहाविषयी, उघडपणे बोलणार आहोत. ज्या वडीलधाऱ्यांस बारीक अक्षर दिसत नाही त्यांस घरातील लेकीसुनांनी किंवा नातवंडांनी हा लेख सावकाश वाचून दाखवावा, अशी आमची विनंती आहे.

१. एका गुरुजींची हकीकत

आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचे गाव व नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. वय चौऱ्याहत्तर, मधुमेह होऊन बारा वर्षे झालेली. दोन वर्षांपूर्वी त्यांस रात्रीतून पाच पाच वेळा उठावे लागू लागले. त्यांनी ही गोष्ट कोणास कळू दिली नाही. पाणी प्याल्याने लघवी होते, सबब पाणीच कमी करावे, असा त्यांनी आपल्याशी विचार केला, आणि ऐन वैशाखात दुपारनंतर पाण्यास तोंड लावणे सोडले. पुढे त्यांस वाटले की रात्रीच्या गोळीनेच लघवी वाढत असावी. म्हणून ती गोळीही ते गुपचूप टाकून देऊ लागले. रविवारी उपासनेस येण्याचे त्यांनी बंद केले, कारण मध्येच उठून बाहेर जाण्याची त्यांस लाज वाटे. सूनबाईने विचारले, "आबा, तोंड असे कोरडे का पडले? पाणी देऊ का?" तर ते म्हणत, "नको गं पोरी, तहान नाही." वास्तविक तहानेने त्यांचा जीव कासावीस होत असे.

एके रात्री चौथ्या खेपेस उठले असता ओसरीची पायरी अंधारात चुकली, आणि खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा रक्तातील साखर तीनशेच्या वर निघाली. शिवाय प्रोस्टेट नावाची ग्रंथी वाढून लघवीच्या वाटेवर दाब पडला आहे, असेही आढळून आले. म्हणजे दुखणी दोन होती, दोहोंवरही उपाय होता, आणि ज्या दोन गोष्टी गुरुजींनी आपल्या मनाने केल्या त्या दोन्ही उलट्या होत्या. आज ते काठी घेऊन चालतात. साखर ताब्यात आली, ग्रंथीवर औषध सुरू झाले, आणि आता ते रात्री एकदा, फार तर दोनदा उठतात. "हे मी दोन वर्षे आधी बोललो असतो तर हाड वाचले असते," असे ते स्वतःच आम्हांस म्हणाले, व इतरांच्या उपयोगासाठी ही हकीकत लिहिण्याची त्यांनी परवानगी दिली.

२. साखर व लघवी यांचा संबंध

गुरुजींची चूक कोठे झाली हे समजण्यासाठी शरीराची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. आपण जे अन्न खातो त्यातील पिठूळ व गोड भागाची साखर होऊन ती रक्तात येते. निरोगी मनुष्याची मूत्रपिंडे रक्त गाळताना ही साखर परत रक्तात घेतात. लघवीत जाऊ देत नाहीत. परंतु रक्तातील साखर सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर चढली म्हणजे मूत्रपिंडांस ती सर्व परत घेणे साधत नाही, आणि ती लघवीत उतरते. साखर जाताना आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. त्यामुळे लघवी फार होते, अंगातील पाणी आटते, आणि मग तहान लागते. म्हणजे मधुमेही मनुष्य पुष्कळ पाणी पितो म्हणून त्यास पुष्कळ लघवी होते असे नाही. पुष्कळ लघवी होते म्हणून त्यास पाणी प्यावे लागते. अशा वेळी पाणी तोडणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरण्याचे थांबवून गळती बंद झाली असे समजणे होय.

लघवीच्या जागी मुंग्या लागतात ही खूण आमच्या आजा-पणजांस ठाऊक होती, आणि मधुमेह हे नावही आपल्या जुन्या वैद्यांनी ह्या गोडपणावरूनच दिले. परंतु वृद्धांच्या बाबतीत ह्या खुणेवर विसंबून राहू नये. वय वाढले म्हणजे पुष्कळांच्या लघवीत साखर उशिरा उतरते. रक्तात ती वाढलेली असूनही लघवीत दिसत नाही. यास्तव रक्ताचीच तपासणी केली पाहिजे. सकाळी उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक भरली, अथवा मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीए१सी ही तपासणी ६.५ टक्के किंवा अधिक आली, आणि पुन्हा तपासूनही तसेच आढळले, म्हणजे मधुमेह आहे असे डॉक्टर ठरवितात.

३. "आम्ही तर कृश आहोत"

खेड्यांत आम्हांस पुष्कळदा असे ऐकावयास मिळते की, मधुमेह हा शहरातील लठ्ठ लोकांचा रोग आहे. आम्ही रानात राबणारे, बाजरीची भाकरी खाणारे, आमच्या अंगावर मांस नाही, मग आम्हांस तो कसा होईल? ह्या समजुतीचे उत्तर आमच्या शेजारच्या पुणे शहरातून मिळाले आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडातील डॉ. जॉन युडकिन ह्या दोघा मित्रांनी आपल्या स्वतःच्याच देहांची तुलना करून ती २००४ साली प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांच्या वजनाचा आकडा अगदी सारखा, म्हणजे २२.३ होता. परंतु अंगातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या अंगी ती ९.१ टक्के, तर आमच्या डॉक्टरांच्या अंगी २१.२ टक्के निघाली. बाहेरून सडसडीत दिसणाऱ्या हिंदी मनुष्याच्या अंगात चरबी अधिक व स्नायू कमी असू शकतात, आणि त्यामुळे त्यास मधुमेह लवकर गाठतो. याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर मातांचा व त्यांच्या मुलांचा जो अभ्यास चालविला, त्यातही हीच गोष्ट जन्मलेल्या बालकांपासून दिसून आली.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीवरून आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांस मधुमेह आहे, व आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. तेव्हा हा रोग आता कोणा एका जातीचा, वर्गाचा अथवा शहराचा राहिलेला नाही.

४. सर्व दोष साखरेचा नव्हे

तथापि रात्री उठावे लागते म्हणजे साखरच वाढली, असेही धरून चालू नये. वृद्धपणी रात्री एकदा उठणे हे पुष्कळांच्या बाबतीत साधारण समजले जाते. दोनदा किंवा अधिक वेळा उठावे लागत असेल व त्याने झोपमोड होत असेल तर कारण शोधावे. कारणे अनेक आहेत, व एकाच मनुष्यात दोन-तीन एकत्र असू शकतात.

पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढते. धार बारीक होते, सुरू होण्यास वेळ लागतो, आणि पोट मोकळे झाल्यासारखे वाटत नाही. स्त्रियांत बाळंतपणे व वय यांमुळे खालच्या अंगाचे स्नायू सैल पडतात, आणि घाई लागते. लघवीच्या जागेस जंतूंची बाधा झाली म्हणजे जळजळ होते. मधुमेहात अशी बाधा अधिक होते. पुष्कळ वर्षांच्या मधुमेहाने मूत्राशयाच्या शिरा बधिर होतात, तेव्हा ते पूर्ण रिकामे होत नाही, आणि थोड्या वेळाने पुन्हा उठावे लागते. दिवसभर पाय खाली सोडून बसल्याने ज्यांच्या पायांस सूज येते त्यांचे ते पाणी रात्री आडवे झाल्यावर रक्तात परत येते व लघवीवाटे निघते; अशी सूज हृदयाच्या अशक्तपणाचीही खूण असू शकते. जे फार घोरतात व ज्यांचा श्वास झोपेत मध्येच अडखळतो त्यांसही रात्री लघवी अधिक होते. बद्धकोष्ठाने मूत्राशयावर दाब पडतो. आणि रक्तदाबासाठी किंवा सुजेसाठी दिलेली लघवीची गोळी सायंकाळी घेतली तर ती आपले काम रात्री करणार हे उघड आहे.

५. तीन दिवसांची वही

आता प्रश्न असा की, इतक्या कारणांतून आपले कारण कोणते हे साध्या मनुष्यास कसे कळावे? त्यास एक सोपी युक्ती आहे. तीस पैसा लागत नाही. एक जुनी वही, एक पेन्सिल, आणि मापाच्या खुणा केलेले एक प्लास्टिकचे भांडे एवढे साहित्य पुरे. सलग तीन दिवस, दिवसा व रात्री, प्रत्येक वेळी किती वाजता लघवी झाली व ती किती भरली हे लिहावे. पाणी, चहा, ताक काय व किती घेतले हेही लिहावे. केव्हा निजलो व केव्हा उठलो हे टिपावे. निजल्यानंतरची सर्व लघवी आणि सकाळी उठल्यावरची पहिली लघवी ह्या दोहोंची बेरीज ही रात्रीची लघवी समजावी.

तीन दिवसांनंतर वही पाहिली असता पुढील तीन प्रकारांपैकी एखादा बहुधा दिसून येतो. पहिला प्रकार असा की, रात्रंदिवस प्रत्येक खेपेस भरपूर लघवी होते, आणि चोवीस तासांची बेरीज अडीच-तीन लिटरच्या वर जाते. येथे पाणी फार पिण्याची सवय नसेल तर साखरेचा संशय प्रथम घ्यावा. दुसरा प्रकार असा की, एकूण बेरीज साधारण आहे, परंतु तिचा एकतृतीयांशाहून अधिक भाग रात्रीचा आहे. उदाहरणार्थ, एकूण १५०० मिलिलिटरपैकी ८०० रात्रीचे. येथे पायांची सूज, हृदय, मीठ, घोरणे, किंवा गोळीची वेळ यांकडे पाहावे. तिसरा प्रकार असा की, बेरीज साधारण असून प्रत्येक खेपेस लघवी थोडी थोडीच होते. येथे ग्रंथी, मूत्राशय किंवा जंतूंची बाधा यांकडे दृष्टी वळवावी. पक्का निर्णय डॉक्टरनेच करावयाचा आहे. पण ही वही त्याच्यापुढे ठेवली असता त्याचे निम्मे काम झालेले असते, आणि जे तोंडाने सांगण्याची लाज वाटते ते वहीच सांगते. आमच्या गुरुजींनी जन्मभर शाळेचे हजेरीपत्रक लिहिले होते. हाड जुळून आल्यावर त्यांनी ही वहीदेखील त्याच नीटनेटकेपणाने लिहिली, आणि ग्रंथीवरील औषधाचा गुण येतो की नाही हे तिजवरूनच कळले.

६. जामखेडचा धडा

कोणी म्हणेल, मोजमाप करणे हे शिकलेल्यांचे काम आहे. आमच्या घरी कोणास अक्षर येत नाही. ह्यास उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे पतिपत्नी जामखेड येथे आले. वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या ह्या उभयतांस मोठ्या शहरात मान व पैसा मिळविणे कठीण नव्हते. परंतु त्यांनी ह्या कोरडवाहू, दुष्काळी मुलुखात काम मांडले. त्यांनी गावोगावच्या लोकांस आपल्यातील एक बाई निवडून देण्यास सांगितले, आणि त्या बायांस आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांत कित्येक दलित समाजातील होत्या, व कित्येकींनी शाळेचा उंबरठा ओलांडला नव्हता. त्यांनी बालकांचे वजन घेणे, बाळंतपण सुखरूप करणे, रोगाची खूण ओळखणे ही कामे शिकून दाखविली. आरोळे दांपत्यास १९७९ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मेबलबाई १९९९ साली व रजनीकांत २०११ साली निवर्तले, परंतु काम चालू आहे.

ज्या जिल्ह्यात निरक्षर बायांनी इतके शिकून दाखविले त्या जिल्ह्यात भांड्यावरील खूण पाहून वहीत एक रेघ ओढणे कोणास अशक्य म्हणता येईल? आकडा येत नसेल तर अर्ध्या भांड्यास एक रेघ व पूर्ण भांड्यास दोन रेघा ओढाव्या; दिवसाच्या रेघा पानाच्या एका बाजूस व रात्रीच्या दुसऱ्या बाजूस काढाव्या. पाचवीतला नातू त्यांची बेरीज करील.

तपासणीसाठीही आता फार लांब जावे लागत नाही. तीस वर्षांवरील सर्वांची मधुमेहासाठी व रक्तदाबासाठी तपासणी करण्याची योजना सरकारने आरोग्य उपकेंद्रांतून चालविली आहे. गावची आशाताई त्याची माहिती देते. तिला विचारण्यास संकोचू नये.

७. आहार व पाणी

आमचा जिल्हा हा उसाचा जिल्हा. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला, व त्यानंतर कारखान्यांनी पुष्कळ घरांस अन्न दिले. ऊस पिकविणे हा सन्मार्गाचा धंदा आहे. पण मधुमेह्याने तो किती खावा हा प्रश्न निराळा. गुऱ्हाळाचा ताजा गूळ, काकवी, रसवंतीचा रस हे साखरेपेक्षा निर्दोष आहेत असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. रक्तात गेल्यावर गूळ व साखर यांत भेद राहत नाही.

बाजरी-ज्वारीची भाकरी मैद्याच्या पावापेक्षा निश्चित बरी, परंतु तीही पिठाचीच आहे, आणि तिने साखर वाढतच नाही असे नव्हे. दोन भाकरी खाणाऱ्याने दीड खावी, आणि राहिलेली जागा मेथी, शेपू, गवार, दोडका, मटकी, हुलगे, अंडे किंवा मासळी यांनी भरावी. फळे बंद करण्याची जरुरी नाही. राहाता भागातील पेरू एक खाल्ला तर चालेल, चिकू व सीताफळ बेताने घ्यावे. रोज अर्धा तास चालावे. जेवणानंतर दहा मिनिटे अंगणात फिरले तरी साखर उतरण्यास मदत होते. अति उतारवयात मात्र फार उपाशी राहून अंग झिजवू नये; स्नायू गेले की पडणे येते.

पाण्याविषयी नियम असा: दिवसा पुरेसे प्यावे, आणि निजण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत बेताने. तहान लागली तर घोटभर पाणी केव्हाही घ्यावे. सायंकाळनंतर चहा-कॉफी टाळावी, आणि दारू तर मुळीच नको. हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असणाऱ्याने किती पाणी प्यावे हे आपल्या डॉक्टरलाच विचारावे.

मिठाकडे आमच्या लोकांचे लक्ष फारसे जात नाही. जपानातील नागासाकी येथील डॉक्टरांनी २०१७ साली असे सांगितले की, मीठ फार खाणाऱ्या व रात्री उठाव्या लागणाऱ्या ज्या लोकांनी रोजचे मीठ १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणले, त्यांचे रात्रीचे उठणे सरासरीने २.३ वेळांवरून १.४ वेळांवर आले. आमच्या घरी रात्रीच्या भाकरीबरोबर ठेचा, लोणचे, पापड, खारवलेली मिरची असते. ती निदान रात्री तरी ताटातून काढावी. ज्यांच्या पायांस सूज येते त्यांनी दुपारनंतर तासभर पायांखाली उशी घेऊन पडावे, म्हणजे ते पाणी रात्र होण्यापूर्वीच निघून जाईल.

८. औषधांविषयी दोन इशारे

१९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिन शोधून काढले, आणि १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलास टोचण्यात आले. त्यापूर्वी ज्या मुलांस हा रोग होई त्यांस मृत्यूवाचून दुसरी वाट नव्हती. आज औषधे पुष्कळ आहेत, परंतु वृद्धांनी दोन गोष्टी नित्य ध्यानात ठेवाव्या.

पहिली ही की, कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये, व वेळही बदलू नये. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ह्या जातीच्या गोळ्या साखर लघवीवाटेच बाहेर काढतात. त्यांनी लघवी काहीशी वाढते हे खरे, पण त्या हृदयास व मूत्रपिंडांस उपकारकही आहेत. त्या सकाळी घ्याव्या की कसे, हे विचारून घ्यावे. लघवीच्या गोळीच्या वेळेविषयीही असेच करावे. उलटी-जुलाब होऊन अन्नपाणी पोटात ठरत नसेल तर कोणत्या गोळ्या थांबवाव्या हे डॉक्टरला लगेच विचारावे.

दुसरी गोष्ट ही की, वृद्धाची साखर फार खाली उतरणे हे ती थोडी चढण्यापेक्षा अधिक घातक आहे. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या घेऊन जेवण चुकविले म्हणजे असे होते. घाम सुटतो, हात कापतात, छाती धडधडते, मनुष्य असंबद्ध बोलतो. रात्री उठलेला वृद्ध भिंतीकडे चालू लागला, घरच्यांस ओळखेना, तर "म्हातारपणाचे चळ" म्हणून सोडून देऊ नये. शुद्धीवर असेल तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात कालवून ताबडतोब पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, बरे वाटल्यावर भाकरीचा तुकडा द्यावा, आणि डॉक्टरला कळवावे, कारण अशा गोळ्यांचा असर पुन्हा डोके वर काढू शकतो. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. ह्याच कारणास्तव अशक्त वृद्धांची साखर तरुणांइतकी खाली आणण्याचा आग्रह डॉक्टर धरीत नाहीत. कित्येकांस एचबीए१सी आठ टक्क्यांच्या आत असली तरी पुरते.

९. रात्रीची वाट

उपाय केले तरी एखाददुसऱ्या वेळी उठावे लागणारच. ती वाट निर्धोक करणे हे वृद्धाचे नव्हे, घरच्यांचे काम आहे. खाटेपासून मोरीपर्यंत किंवा संडासापर्यंत एक मंद दिवा रात्रभर जळू द्यावा. वीज जाते म्हणून विजेरी उशाशी असावी. वाटेत बाज, घमेले, पाण्याची कळशी, वायर असे काही असू नये. मोरीचा दगड शेवाळलेला असेल तर तो घासून घ्यावा, आणि भिंतीस धरण्यास एक दांडा ठोकावा. मधुमेह्याचे पाय बधिर असतात, काटा किंवा विंचू लागलेला कळत नाही. म्हणून चपला खाटेखाली ठेवाव्या व त्या झटकून घालाव्या. जाग आल्याबरोबर ताडकन उभे राहू नये. मिनिटभर खाटेच्या कडेवर बसून मग उठावे. संडास अंगणापलीकडे असेल तर खाटेजवळ झाकणाचे भांडे ठेवावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. खुब्याच्या हाडापेक्षा भांडे स्वस्त आहे.

१०. कोणत्या खुणा दिसताच उशीर करू नये

लघवी अजिबात अडली व ओटीपोट फुगून दुखू लागले. लघवीतून रक्त गेले. थंडी वाजून ताप आला व लघवीस जळजळ आहे. वजन झपाट्याने उतरत आहे व तहान भागत नाही. उलट्या होऊन ग्लानी येत आहे. आडवे होताच दम लागतो. यांपैकी काहीही झाले तर वहीची वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

शेवटी मंडळींतील तरुणांस एक शब्द सांगून हा लेख पुरा करतो. तुमच्या घरातील वडील पाणी पिण्याचे टाळीत असतील, लग्नकार्यास येण्याचे टाळीत असतील, प्रवासास नको म्हणत असतील, तर त्यांस हट्टी म्हणण्यापूर्वी एकदा एकांतात, आदराने विचारा. उपासनेच्या जागी, सभेच्या जागी वृद्धांस दाराजवळ बसण्याची सोय करा, आणि ते मध्येच उठले तर कोणी माना वळवून पाहू नका. आमच्या गुरुजींस आता दाराजवळची खुर्ची राखून ठेवलेली असते. ते मध्येच एकदा उठून जातात व परत येऊन बसतात, आणि कोणास त्याचे काही वाटत नाही.

विचारासाठी प्रश्न

१. मधुमेही मनुष्याने रात्रीच्या त्रासास भिऊन पाणी तोडणे का चुकीचे आहे?
२. वृद्धाच्या लघवीत साखर नाही, एवढ्यावरून त्यास मधुमेह नाही असे का म्हणता येत नाही?
३. तीन दिवसांच्या वहीवरून कोणते तीन प्रकार ओळखता येतात?
४. साखर फार उतरल्याच्या खुणा कोणत्या? त्या वेळी काय करावे, व काय करू नये?
५. तुमच्या घरी खाटेपासून मोरीपर्यंतची वाट आज रात्री स्वतः अंधारात चालून पाहा. कोठे अडखळण्यासारखे आहे?